टाकी आणली म्हणून त्याच दिवशी मासे सोडू नकोस
अरे, नीऑन टेट्रा (ते छोटे चमकदार रंगीत मासे) घ्यायचेत ना तर आधी महिना-दीड महिना थांब, खरंच सांगतो. नवीन टाकीत माशांच्या घाणीचा अमोनिया होतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजवर बसायला 4 ते 6 आठवडे लागतात, तोवर पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं तरी माशांसाठी विषच. पाणी तपासायचं टेस्ट किट घे, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आधी वाढून परत 0 दिसले की मगच मासे आण.

आपल्या इंदूरला नळाला नर्मदेचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतं. अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) टाकल्याशिवाय एक मग पण ओतायचं नाही. मी सुरुवातीला फिल्टरचा स्पंज नळाखाली चकाचक धुतला होता, क्लोरीनने त्यावरचे बॅक्टेरियाच मेले, चौथ्या दिवशी गप्पी मासे वर येऊन तोंड उघडं ठेवून श्वास घेत होते, कल्ले लाल झालेले, संध्याकाळपर्यंत पाच गेले. अजून डोळ्यासमोर येतं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा, बस.

आणि जानेवारीत इथे रात्री जो गारठा पडतो त्यात हीटर पाहिजेच, नीऑन हे अ‍ॅमेझॉन नदीकडचे मासे आहेत, 24-25 डिग्री ठेव. 50 लिटरला 50 वॉटचा पुरतो. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदल, पूर्ण कधीच नाही.

नीऑन एकटादुकटा आणू नकोस, निदान 6 तरी घे, नाहीतर बिचारा कोपऱ्यात लपून राहतो. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, चिमूटभर. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांनाही सांगून ठेव, आमच्याकडे प्रेमाने दिवसातून पाचदा दाणे पडायचे.