काम चालू आहे, आणि माणसं घरातच आहेत

"मॅडम, तीन आठवडे झाले, घरात कुणी कुणाशी धड बोललेलं नाही. घर नवीन करायला काढलंय की मोडायला, तेच कळेनासं झालंय."

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे त्या इतक्या मोठ्या आवाजात म्हणाल्या की बाहेर बसलेल्यांनाही ऐकू गेलं असेल. त्यांच्या मात्र ते लक्षात आलं नाही. दिवसभर फरशी कापायच्या कटरच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय झाली होती. रुमाल काढायला त्यांनी पर्स उघडली, तर आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टूथब्रश बाहेर आला. "घरात कुठेही ठेवला तरी त्यावर धूळ बसते, म्हणून बरोबरच घेऊन फिरते," असं म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

त्यांना इथे आपण ताई म्हणू. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. घरात ताई, त्यांचे पती, शाळेत जाणारा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. काम मोठं होतं: फरशी, दोन्ही बाथरूम, स्वयंपाकघर आणि शेवटी रंग. इतके दिवस दुसरीकडे जाऊन राहणं जमण्यासारखं नव्हतं, त्यामुळे राहत्या घरातच तोडफोड सुरू झाली होती.

डोळे पुसल्यावर त्यांनी विचारलं, "घराच्या कामासाठी कुणी समुपदेशनाला येतं का हो? लोकांना केवढी मोठी दुःखं असतात."

हा प्रश्न मला पुष्कळदा ऐकायला मिळतो. होम्स आणि राही या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या 43 घटनांची यादी केली आणि प्रत्येक घटनेला ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला 100 गुण आहेत. घर बदलण्याला 20 आहेत आणि राहणीमानातल्या बदलाला 25. माणसाचा त्रास असा गुणांत मावत नाही, हे खरं. तरीही ही गोष्ट त्या यादीत आहे, हे ताईंना ऐकवणं मला गरजेचं वाटलं. दमलेल्या माणसाला आपण उगाच दमलोय असं वाटत राहिलं, तर तो आणखी दमतो.

मग मी त्यांना कालचा दिवस सकाळपासून सांगायला सांगितला. आठला मिस्त्री येतील म्हणून सगळे सातला तयार होऊन बसले. मिस्त्री साडेदहाला आले. बाराला ताईंची ऑफिसची मीटिंग सुरू झाली आणि त्याच मिनिटाला शेजारच्या भिंतीवर ब्रेकर, म्हणजे भिंत फोडायचं मशीन, लागला. संध्याकाळी कंत्राटदाराने फोन करून टाइलचा रंग लगेच सांगा म्हटलं. रात्री अकराला पती-पत्नीचं त्या रंगावरून भांडण झालं आणि ते दहा वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीपर्यंत जाऊन थांबलं.

ऐकताना माझ्या लक्षात आलं की त्या दिवसातली एकही गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. कोण कधी येणार, आवाज कधी सुरू होणार, पाणी कधी बंद होणार, सगळं दुसरं कुणीतरी ठरवत होतं. आणि हे सगळं त्यांच्याच घरात.

तेव्हा मी त्यांना ग्लास आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. साधारण 1970 च्या सुमारास त्यांनी काही लोकांना मध्येच, कधीही सुरू होणारा मोठा आवाज ऐकवला. त्यातल्या काहींना एक बटण दिलं. ते दाबलं की आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका, असं सांगितलं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही, म्हणजे आवाज दोन्ही गटांनी तेवढाच सोसला. नंतर दोन्ही गटांना किचकट कोडी आणि मजकुरातल्या चुका शोधायचं काम दिलं. बटण असलेले लोक जास्त वेळ चिकाटीने बसले आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या.

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरात बटणच नाही."

पुढचा सगळा वेळ आम्ही ते बटण कुठे बसवता येईल, हेच शोधत होतो. सगळ्यात आधी एक खोली. तिथे काम नाही, सामानाचे ढीग नाहीत, मिस्त्रींचं जाणं-येणं नाही. तिचं काम एकतर सगळ्यात आधी उरकायचं, नाहीतर सगळ्यात शेवटी. दाराला प्लॅस्टिकचा पडदा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून आणि दाराखालच्या फटीत ओलं फडकं. बारीक धूळ तासन् तास हवेत तरंगत राहते आणि कोरड्या झाडूने पुन्हा उडते, म्हणून त्या खोलीत फक्त ओल्या फडक्याने पुसायचं. टूथब्रश तिथे एका झाकणाच्या डब्यात. ताईंनी पहिली नोंद हीच केली.

दुसरं, उद्या मोठ्या आवाजाचं काम किती ते किती, हे कंत्राटदाराने आदल्या संध्याकाळी भिंतीवरच्या कागदावर लिहून जायचं. आणि तिसरं ताईंनी स्वतः सुचवलं: एक घंटी. दिवसातून दोनदा ती वाजवली की अर्धा तास कटर आणि ब्रेकर बंद. कंत्राटदाराला आधी ते पटेना, पण अर्ध्या तासात त्याच्या माणसांना फोडलेला राडारोडा उचलता येईल, हे लक्षात आल्यावर तो तयार झाला.

घंटी ठरल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात मी विचारलं, ती किती वेळा वाजली? दोनदा. अख्ख्या पंधरवड्यात दोनदा.

सासूबाईंचा विषय मात्र मी आधीच काढायला हवा होता, ही माझी चूक. "हट्टाने एकाच खुर्चीत बसून राहतात, काही विचारलं तर चिडतात," एवढंच ताई सांगत होत्या. सासूबाई पाणी किती पितात, हे मी दुसऱ्या भेटीत विचारलं. ताईंना माहीत नव्हतं. घरी जाऊन पाहिलं, तर त्यांनी पाणी जवळपास सोडलंच होतं. एक बाथरूम फोडलेलं, दुसऱ्याच्या वाटेवर पोती आणि वाळू, वर कामाची परकी माणसं. कितीदा उठणार, कुणाकुणाला वाट मागणार? त्यापेक्षा न प्यायलेलं बरं, असा त्यांचा हिशोब होता. या वयात पाणी कमी झालं की चक्कर, लघवीचा संसर्ग, गोंधळल्यासारखं होणं, काहीही होऊ शकतं. ताईंनी डॉक्टरांना दाखवलं आणि त्याच दिवशी वाट मोकळी करून घेतली. ती रोज काम संपताना मोकळी दिसलीच पाहिजे, असा नियम झाला. रात्री त्या वाटेवर छोटा दिवा. आणि सासूबाईंचा पलंग जिथे होता तिथेच परत ठेवला. अंधारात त्यांचे पाय सवयीने चालतात, डोळ्यांनी नाही.

पतींची भेट एकदाच झाली. त्यांचा राग वेगळाच होता. "चार दिवस कुणी फिरकत नाही. आम्हाला अडकवून दुसरीकडे काम घेतात." असंही होतं, नाही असं नाही. पण मी विचारलं, त्या चार दिवसांत काम कुठल्या टप्प्यावर होतं? नुकतंच प्लॅस्टर झालं होतं. सिमेंटच्या प्लॅस्टरला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, नाहीतर ते तडकतं. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून 24 ते 48 तास गळती तपासायची असते. काम थांबल्यासारखं दिसतं तेव्हा ते वाळत, मुरत असतं. मग कागदावर तेही दिवस लिहिले जाऊ लागले: 'आज फक्त पाणी मारणे.' आणि टाइल, नळ, रंग यांचे निर्णय आठवड्यातून दोनदा, दिवसाउजेडी, टेबलाशी बसून. अंथरुणात कामाचा विषय काढायचा नाही.

एका बाबतीत मी कुणालाच 'सोसा' म्हणत नाही. टाइल आणि काँक्रीट कोरडं कापलं की उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसांना अपाय करते. कापताना पाणी सोडायला सांगा, तो तुमचा हक्क आहे, आणि त्यात कापणाऱ्या माणसाचंही भलं आहे. फार जुन्या घराच्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू देऊ नका. दम्याचा माणूस, गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल, तर तोडफोडीचे आणि घासकामाचे दिवस तरी त्यांनी दुसरीकडे काढावेत. तिथे घंटी उपयोगाची नाही.

आमच्या चौथ्या भेटीपर्यंत काम ठरल्यापेक्षा बरंच लांबलं होतं आणि स्वयंपाकघर तर अजून फुटायचं होतं. ताईंनी तेवढे दिवस मुलाला आणि सासूबाईंना नणंदेकडे पाठवायचं ठरवलं होतं. मला विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं. बोलतही होत्या हळू आवाजात. पाऊण तास झाला तशा घड्याळ बघून उठल्या.

"आज लवकर निघते हं. दुसऱ्या बाथरूममध्ये काल पाणी भरलंय. खालच्यांच्या छताला ओल आलीय का, ते मिस्त्रींच्या आधी मला बघायचंय."