‘कुंग फू’ला मराठीत काय म्हणावे?

ब्रूस ली यांच्या चित्रपटांना आपल्याकडे सर्रास ‘कराटेपट’ म्हणतात, ते योग्य आहे का, आणि ‘कुंग फू’ला मराठी प्रतिशब्द आहे का, असा प्रश्न आहे.

पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कराटे ही ओकिनावा बेटांवर घडलेली आणि तेथून जपानभर पसरलेली विद्या आहे, तर ब्रूस ली यांचा पाया हाँगकाँगमध्ये इप मान यांच्याकडे शिकलेल्या विंग चुन या चिनी पद्धतीचा होता. १९७२ च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’त त्यांचा नायक शांघायमधील जपानी आखाड्यात शिरून तेथल्या शिष्यांना लोळवतो, अशा चित्रपटाला जपानी विद्येचे नाव देणे फारच विचित्र होय. गंमत म्हणजे ‘कराटे’ या नावातले पहिले चिन्ह पूर्वी ‘तांग’, म्हणजे चीन, या अर्थाचे होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच उच्चाराचे ‘रिकामा’ या अर्थाचे चिन्ह रूढ झाले आणि ‘चिनी हाता’चा ‘रिकामा हात’ झाला.

‘कुंग फू’ या शब्दाच्या मूळ अर्थात मात्र मारामारी मुळीच नाही. दीर्घ काळ कष्ट करून अंगी बाणवलेले कोणतेही कसब म्हणजे कुंग फू. म्हणूनच निगुतीने केलेल्या चहालाही चिनी भाषेत ‘कुंग फू चहा’ म्हणतात. लढण्याच्या विद्येसाठी ‘वुशू’ हा वेगळा शब्द आहे. मराठीत ‘युद्धकला’ म्हटले की सैन्य आणि व्यूह डोळ्यांपुढे येतात, आणि ‘मर्दानी खेळ’ हे आपल्याकडच्या लाठी-पट्ट्याचे नाव असल्यामुळे ते उसने देता येत नाही. माझ्या मते मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ जाते ते आपले ‘कमावणे’ हे क्रियापद, कारण कमावलेले शरीर किंवा गवयाचा कमावलेला आवाज म्हणताना आपण नेमके हेच सांगत असतो. तरीही त्यावरून नवा शब्द पाडण्यापेक्षा ‘कुंग फूपट’ हाच शब्द वापरावा.

‘कराटेपट’ हा शब्दही टाकाऊ नाही. १९८४ च्या ‘द कराटे किड’मधील ओकिनावाचे गुरुजी खरोखरच कराटे शिकवतात, २०१० च्या त्याच नावाच्या चित्रपटात मात्र जॅकी चॅन बीजिंगमध्ये कुंग फू शिकवतात आणि कराटे केवळ नावापुरते उरते.