चाक खोललं, पुढे काय चुकलं?

घरच्या गॅरेजमध्ये मोटारसायकलचा टायर स्वतः बदलणाऱ्यांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांमध्ये एक गोष्ट समान दिसली: काम कुठेतरी अडलं आणि तिथे जोर लावला गेला. टायरच्या कामात जोर लागायला लागला की हात थांबवायचा आणि आधीचं कुठलं पाऊल चुकलं ते बघायचं. मी शिकवायला बसतो तेव्हा पहिल्या दिवशी हेच सांगतो.

प्रश्न : नवा टायर चढवताना शेवटचा वीतभर भाग काही केल्या आत जाईना. मोठ्या लिव्हरने (टायर चढवायच्या लोखंडी पट्टीने) जोर लावला तेव्हा ‘कट्’ असा आवाज आला आणि टायर चढला. रिमला दोन खोल ओरखडे पडलेत. टायर वापरला तर चालेल का?

आवाजाबद्दल आधी बोलतो, कारण ओरखड्यापेक्षा ती गोष्ट गंभीर आहे. टायरच्या काठात, म्हणजे बीडमध्ये, पोलादी तारांचं कडं असतं. ते ताणलं जात नाही, आणि ताणलं जाऊ नये म्हणूनच तिथे बसवलेलं असतं. हवा भरल्यावर टायर रिमवर टिकून राहतो तो या कड्यामुळे. जबरदस्ती केली की त्यातल्या तारा तुटतात आणि वरच्या रबरामुळे ते बाहेरून दिसतही नाही. असा टायर हवा भरतानाच फुटू शकतो. ‘कट्’ आवाज तुम्ही स्पष्ट ऐकला असेल तर त्यात हवा भरू नका. टायर उतरवून बीडवरून सगळीकडे बोट फिरवा. कुठे कोन आल्यासारखा वाटला, बाक आला असेल किंवा रबराखाली टोचलं, तर टायर बाद करा. हाताला काहीच लागलं नाही तरी टायरच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय तो वापरू नका. नवा टायर टाकून देताना जीव तुटतो, मला कल्पना आहे. तरीही माझं उत्तर हेच आहे.

आता हे झालं कशामुळे ते बघू. रिम आडवी ठेवून तिच्या आत पाहा. दोन्ही कडांच्या मधोमध एक खोलगट पन्हळ दिसेल. तारेचं कडं ताणलं जात नाही आणि रिमची कड त्या कड्यापेक्षा मोठी असते, मग टायर चढतो कसा? एका बाजूची बीड त्या पन्हळीत उतरली की समोरच्या बाजूला तेवढीच ढील मिळते. तार असलेली बीड आणि मधे खोल असलेली रिम ही जोडी चार्ल्स किंग्स्टन वेल्श यांच्या १८९० च्या पेटंटपासूनची आहे, आणि आपण आजही तीच युक्ती वापरतो. तुमचा वीतभर भाग अडला तेव्हा समोरची बीड नक्कीच पन्हळीतून वर सरकून रिमच्या खांद्यावर चढली असणार. अशा वेळी लिव्हर सोडून द्या. समोरच्या बाजूवर दोन्ही गुडघे टेका, अंगाच्या वजनाने बीड खाली दाबा आणि गुडघे न उचलता लिव्हरचा घास घ्या, म्हणजे काठाचा थोडासा भाग आत ओढा. एका वेळी दोन-तीन इंचच. लोभ धरून सहा इंचांचा घास घेतला की तो हमखास अडतो. बीडला दोन्ही अंगांनी टायर पेस्ट किंवा सौम्य साबणाचं घट्ट पाणी लावलेलं असलं आणि समोरची बाजू खाली असली, तर शेवटचा भाग हातभर लांबीच्या दोन साध्या लिव्हरनी आत जातो. त्याहून लांब लिव्हर हातात घ्यावासा वाटला तर समोरची बीड पुन्हा तपासा.

रिमचे ओरखडे बारीक पॉलिश पेपरने मऊ करा. कड आत-बाहेर वाकली असेल आणि टायर ट्यूबलेस असेल, तर मात्र हवा तिथून जाईल. रिम तपासून घ्यावी लागेल.

प्रश्न : ट्यूबचा टायर आहे. एका दुपारी दोन नव्या ट्यूब पंक्चर केल्या. दोन्हीला शेजारी शेजारी दोन बारीक चिरा आहेत.

या जोडचिरा म्हणजे ट्यूब लिव्हर आणि रिमच्या मधे चिमटली गेल्याची सही आहे. खिळ्याचं भोक एकटं असतं. चिमट्यात मात्र ट्यूबची घडी पडते आणि दोन्ही पदर कापले जातात.

ट्यूब पूर्ण चपटी ठेवून टायर चढवू नका. तिला जेमतेम गोल आकार येईल इतकीच हवा भरा, दोन-चार फुंकरांएवढी. आकार आला की ती टायरच्या पोटात जाऊन बसते आणि लिव्हरच्या वाटेतून बाजूला होते. बाहेरून थोडी टाल्कम पावडर, म्हणजे शंखजिऱ्याची पूड, चोळली की ती आत नीट सरकते आणि पीळ पडत नाही.

सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. बरेच जण उलट करतात. व्हॉल्व्हपाशी ट्यूबची जाड बैठक पन्हळीत जागा अडवून बसते, त्यामुळे तिथली बीड पुरती खाली उतरत नाही. तुम्हाला ढील हवी असते ती शेवटच्या घासाच्या वेळी, आणि ती देणारी बाजू मोकळी असायला हवी. शेवटच्या घासाआधी व्हॉल्व्ह आत ढकलून पाहा. तो सहज आत-बाहेर झाला तर ट्यूब बीडखाली अडकलेली नाही. लिव्हरचं टोक बीडच्या काठापुरतंच आत घाला आणि लिव्हर उभा झाला की तिथेच थांबा. त्यापुढे वळवलात की टोक आत फिरून ट्यूब पकडतं. तुमच्या दोन्ही ट्यूब बहुधा तिथेच गेल्या.

आणखी दोन गोष्टी बघा. आऱ्यांच्या टोकांवरची रबरी पट्टी जागेवर आहे ना? आणि जुनी ट्यूब ज्या काट्याने पंक्चर झाली होती तो टायरमध्येच राहिलेला नाही ना? हातात जाड फडकं घेऊन टायरच्या आतून सावकाश एक फेरा मारा. फडक्याचा धागा कुठेतरी अडकतो, काटा तिथेच असतो.

प्रश्न : ट्यूबलेस टायरची एक बाजू बसली, दुसरी बसत नाही. कॉम्प्रेसरवर दाब वाढवत नेला तर चालेल का? मित्र म्हणतो, थोडं पेट्रोल शिंपडून काडी लावली की झटक्यात बसते.

काडी लावू नका. मित्रालाही थांबवा. त्या भडक्यात दाब किती होईल यावर कुणाचंच नियंत्रण नसतं. टायरच्या आतलं हवा धरून ठेवणारं अस्तर भाजतं आणि आत उरलेली पेट्रोलची वाफ नंतरही पेट घेऊ शकते. शिवाय तुमचे हात आणि चेहरा त्या वेळी चाकावर वाकलेला असतो.

दाबाबद्दलही तेवढंच स्पष्ट सांगतो. बीड बसवताना किती हवेपर्यंत जायचं ते टायरच्या अंगावर छापलेलं असतं. मोटारसायकलच्या बऱ्याच टायरांवर ४० पीएसआय असं लिहिलेलं सापडेल. तुमच्या टायरवर जो आकडा असेल ती हद्द. हवा दाबली जाते तेव्हा ताण साठत जातो आणि बीडची तार तुटली तर तो सगळा एका क्षणात बाहेर पडतो. माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकच्या मनगटाची हाडं अशीच मोडली होती. तो चाकावर ओणवा होऊन ‘अजून थोडी, अजून थोडी’ करत होता. तेव्हापासून मी लांब नळीचं, व्हॉल्व्हला चिमटून बसणारं नोझल वापरतो आणि चाकापासून चार पावलं दूर, बाजूला उभा राहतो. बीड आणि रिमच्या फटीत बोट कधीच घालत नाही.

हद्द गाठली आणि बाजू बसली नाही, तर सगळी हवा सोडा. बीड पुन्हा पन्हळीत ढकला. साबणाचं पाणी एव्हाना वाळलेलं असतं आणि दहापैकी सात-आठ वेळा घोटाळा तोच असतो, म्हणून पुन्हा भरपूर लावा. टायर थंड असेल तर अर्धा तास उन्हात ठेवा, रबर नरम पडतं. व्हॉल्व्हची आतली पिन काढून हवा भरा म्हणजे ती झपाट्याने आत जाते. सुरुवातीला हवा नुसतीच फसफसून बाहेर येत असेल तर टायरच्या घेराभोवती रॅचेटचा (सामान बांधायचा, खटक्याने आवळणारा) पट्टा आवळा. मधला भाग दबला की काठ बाहेर फाकतात आणि हवा धरतात. फुगू लागला की पट्टा लगेच सैल करा.

बसताना ‘टप्प’ असा आवाज येतो, दोन बाजूंचे दोन. आवाजावर मात्र समाधान मानू नका. टायरच्या काठाशी एक बारीक उंच रेघ असते. रिमच्या कडेपासून तिचं अंतर सगळीकडे सारखं दिसलं पाहिजे. एके ठिकाणी ती रिममध्ये बुडालेली असेल तर टायर तिथे बसलेला नाही, आणि अशी गाडी धावताना उड्या मारते. सगळीकडे सारखी दिसली की पिन लावा आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या दाबावर हवा आणा.

ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावून टायर सरकवू नका. साबणाचं पाणी वाळून जातं आणि बीड रिमला धरते. तेल वाळत नाही, शिवाय रबराला खातं. जोरात ब्रेक लावल्यावर रिम थांबते आणि टायर तिच्यावरून सरकत फिरतो. ट्यूब असेल तर तिचा व्हॉल्व्ह मुळापासून उपटला जातो.

प्रश्न : मेन स्टँडवर लावून मागच्या अ‍ॅक्सलची नट सोडवत होतो. पाना झटकन सुटला आणि गाडी आडवी झाली. पुढच्या वेळी काय करू?

घट्ट नट आधी सोडवायची आणि मग गाडी उचलायची. दोन्ही चाकं जमिनीवर असताना, मदतनीसाने ब्रेक दाबून धरलेला असताना नट पाव फेरा सैल करा. मग स्टँडवर चढवा. आवळताना उलट क्रम: शेवटचा टॉर्क, म्हणजे ठरलेल्या जोराची आवळणी, चाकं जमिनीवर आल्यावर. पुढचा ब्रेक लिव्हर पट्ट्याने मुठीला बांधून ठेवा आणि मेन स्टँडपासून पुढच्या चाकापर्यंत एक पट्टा आवळा, म्हणजे स्टँड मागे दुमडत नाही.

गाडी पडायला लागली तर तिला धरायला जाऊ नका. दीड-दोनशे किलो वजन हातांनी अडत नाही. पडली असेल तर पेट्रोल गळतंय का ते आधी पाहा, आणि तोवर जवळपास ठिणगी उडेल असं काही करू नका.

प्रश्न : पुढचं चाक काढलेलं असताना मुलाने ब्रेक दाबला. आता डिस्क पॅडमध्ये शिरत नाही.

पॅड दाबणारे पिस्टन बाहेर आले आहेत. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडा, भोवती फडकं लावा आणि लाकडाच्या चपट्या तुकड्याने दोन्ही पॅड सावकाश मागे ढकला. डबी भरून वाहू लागली तर थोडं ऑइल काढून घ्या. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग उकलतं. पिस्टन पूर्ण निघून ऑइल गळत असेल, तर मात्र कॅलिपर, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणारा भाग, उघडून सील बघणं आणि ब्रेकच्या नळीतली हवा काढणं आलं. ते अनुभवी हाताकडून करून घ्या.

चाक लागल्यावर, गाडी उभीच असताना, ब्रेकचा लिव्हर घट्ट होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. हे विसरून गाडी बाहेर काढली की पहिला ब्रेक मुठीला जाऊन टेकतो आणि गाडी थांबत नाही. चाक काढलेलं असताना पॅडच्या मधे पुठ्ठ्याची जाड घडी घालून ठेवायची सवय लावा. काढलेलं चाक डिस्कच्या बाजूवर आडवं ठेवू नका, लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर रिम टेकवा.

प्रश्न : टायर बसवून झाल्यावर लक्षात आलं की टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण उलटा आहे. पुन्हा काढायलाच हवा का?

हो. टायरच्या थरांचा सांधा आणि नक्षीतून पाणी बाहेर फेकण्याची दिशा त्या बाणाप्रमाणे ठरवलेली असते. पुढच्या वेळी बीड लावण्याआधी खडूने रिमवर फिरण्याची दिशा काढून ठेवा. टायर सरळ लागल्यावरही पहिले साधारण दीडशे किलोमीटर वळणांवर बेताने झुकवा, नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो.

प्रश्न : मागचं चाक लावून दोन दिवस गाडी चालवली. आज फरशी झाडताना कपाटाखाली एक बुश सापडला. हा कुठला असेल?

गाडी आहे तिथेच ठेवा, चाचणीसाठी एक फेरीसुद्धा मारू नका. अ‍ॅक्सलवर चाकाच्या दोन्ही बाजूंना स्पेसर बुश, म्हणजे अंतर राखणाऱ्या छोट्या नळ्या, असतात आणि बऱ्याच गाड्यांमध्ये डाव्या-उजव्याची लांबी वेगळी असते. एक राहिला की चाक एका बाजूला सरकतं, चेन स्प्रॉकेटवर तिरकी धावते आणि आवळलेली नट बेअरिंगवर आडवा ताण देते. एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) असेल तर सेन्सर आणि त्याच्या दातेरी कड्यातलं अंतरही बिघडतं.

चाक पुन्हा काढा. बुशची लांबी मोजा आणि गाडीच्या पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघा. बेअरिंगमध्ये बोट घालून हळूच फिरवा. खरखर लागली किंवा अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंग बदला. चेनचे सैलपण आणि दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून नट पुस्तकातल्या टॉर्कने आवळा. जुनी स्प्लिट पिन वाकवून पुन्हा वापरू नका, नवी घाला. आणि त्या दोन दिवसांत चेन एका बाजूने घासली आहे का, ते स्प्रॉकेटच्या दातांच्या बाजूवर बघा. तिथे ताजी चकाकी दिसली तर मला फोटो पाठवा, पुढच्या वेळी त्यावर लिहितो.