"लगेच पैशाचं बघायला लागली" असं लोक म्हणतील, त्याचं काय?

घरातलं माणूस गेल्यावर समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे लोक झोपेबद्दल बोलतात, रडण्याबद्दल बोलतात, देवावरच्या रागाबद्दलही बोलतात. कागदांबद्दल मात्र बोलत नाहीत. तो विषय दोन-तीन भेटींनंतर, निघता निघता, चपला घालताना निघतो. "मॅडम, बँकेचं, पीएफचं अजून काहीच केलेलं नाही. हातच जात नाही. आणि आता केलं तर लोक म्हणतील, लगेच पैशाचं बघायला लागली."

ही भीती मी इतक्या घरांतून ऐकली आहे की एका ताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने इथे लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई भांडुपला राहतात. यजमान लोअर परळला एका खासगी कंपनीत स्टोअर्स सांभाळायचे. वय 53. पावसाळ्यात एका सकाळी छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. घरात ताई, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि सासूबाई. दीर आणि नणंद ठाण्याला. ताई माझ्याकडे आल्या तोवर सहा महिने उलटून गेले होते. मृत्यूचा दाखला दिराने महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधून वेळेत आणला होता. त्यापुढे एकही कागद हलला नव्हता. कंपनीचे दोन फोन येऊन गेले होते, पोस्टाने फॉर्म आले होते आणि सगळं एका कापडी पिशवीत घालून कपाटावर ठेवलेलं होतं.

मग घर कसं चालत होतं? हे विचारल्यावर ताई बराच वेळ गप्प होत्या. यजमानांचं एटीएम कार्ड त्यांच्याकडे होतं, पिन त्यांच्याच जन्मसालाचा होता. दर महिन्याला थोडे थोडे पैसे त्या काढत होत्या. "हे चोरीत येतं का, मॅडम?" असं त्यांनी विचारलं तेव्हा आवाज अगदी खाली गेला होता. ही एकच गोष्ट त्यांना रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी ठेवत होती.

हे फार घरांत होतं, म्हणून स्पष्ट सांगते. खातं एकट्याच्या नावावर असेल तर माणूस गेल्यावर त्याच्या कार्डाने किंवा मोबाइलवरून पैसे काढायचा अधिकार कुणालाच राहत नाही, बायकोलाही नाही. पुढे दुसरा वारस हिशेब विचारू शकतो. पण घर चालवण्यासाठी बाईने किराणा भरला म्हणून ती गुन्हेगार आहे असं मनात धरून कुढत बसायचंही कारण नाही. आम्ही तिथेच वही काढली आणि पासबुकावरून तारखा आणि रकमा उतरवल्या. कार्ड वापरणं त्या दिवसापासून बंद झालं. तो कागद दिराला आणि सासूबाईंना दाखवायचा असं ठरलं. त्या रात्री झोप लागली, असं त्यांनी पुढच्या वेळी सांगितलं.

आता मूळ प्रश्न. हात का जात नव्हता? त्याचं उत्तर बाराव्या दिवशी होतं. पाहुणे पांगत असताना ताईंनी दिराला विचारलं होतं, "भाऊजी, ह्यांच्या ऑफिसात कधी जायचं?" मुलीची फी भरायची होती, विचारण्यामागे एवढंच. नणंद पटकन म्हणाली, "अगं, दादाचं बारावं तरी पुरतं होऊ दे." त्यानंतर सहा महिने ताईंनी तो विषय कुणाकडेच काढला नाही.

मी नणंदेला दोष देत नाही. भाऊ गेल्याच्या बाराव्या दिवशी तोंडातून निघालेलं वाक्य होतं ते. पण त्या वाक्याची ताकद किती असते हे आपल्याकडच्या बायकांना ठाऊक आहे. नवऱ्यामागे तुम्ही किती रडलात, हे आजूबाजूचे मोजत असतात. त्यात फाइल काढून बसलेली बाई त्यांना कोरडी वाटते. मला हे मोजणं अन्यायाचं वाटतं. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या अभ्यासकांनी 1999 साली दुःखाबद्दल एक मांडणी केली, ती मी रोज डोळ्यांसमोर पाहते. माणूस एका बाजूला गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, दुसऱ्या बाजूला बदललेल्या आयुष्याची कामं हाती घेतो, आणि दिवसातून कितीदा तरी या दोन्हींत ये-जा करतो. ही ये-जा हेच सावरणं. म्हणजे पीएफचा फॉर्म भरणारी बाई दुःखातून बाहेर पडलेली नसते. ती दुःखातच असते, त्याच्याच दुसऱ्या बाजूला.

पिशवी आम्ही माझ्या खोलीत उघडली. मुलीला सोबत आणायला सांगितलं होतं. कागदांचे ढीग करताना मी एकच प्रश्न विचारत होते: याला मुदत आहे का, आणि याच्यावर चूल अवलंबून आहे का? ज्याचं उत्तर दोन्हीकडे "नाही", ते सरळ परत पिशवीत. पॅन कार्ड, आधार, मतदार यादीतलं नाव, सगळं परत. ताईंच्या खांद्यावरचं ओझं मला त्या वेळी उतरताना दिसलं. सगळं आत्ताच करायचं नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पासबुक चाळताना मुलीने एक नोंद दाखवली. दर मे महिन्यात 436 रुपये कापलेले. बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेची रक्कम होती. बँकेतल्या कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी कधीतरी सही केली असावी. पंचावन्न वर्षांपर्यंत कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी या योजनेत दोन लाख रुपये मिळतात, आणि नॉमिनी ताईच होत्या. अशी नोंद मी याआधीही पासबुकांत पाहिली आहे आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, गेल्या दोन वर्षांचं पासबुक बारकाईने वाचा. वर्षातून एकदाच कापल्या जाणाऱ्या छोट्या रकमा नीट बघा. 436, अपघात विम्याचे 20, एखाद्या पॉलिसीचा हप्ता. आयुष्यभराची व्यवस्था त्या ओळींत असते.

कंपनीकडून येणं मोठं होतं. नोकरीत असताना मृत्यू झाला की पीएफची शिल्लक, त्याला जोडलेला विमा आणि पत्नीला दरमहा पेन्शन असे तीन वेगळे हक्क तयार होतात. हे तिन्ही वेगळे आहेत हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. पीएफचे पैसे मिळाले की लोक समजतात, संपलं. जोडलेल्या विम्याची कमाल मर्यादा सात लाख आहे. पेन्शनसाठी दहा वर्षं नोकरीची अट मृत्यूच्या बाबतीत लागत नाही, आणि पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांना स्वतंत्र पेन्शन मिळते. ग्रॅच्युइटीलाही अशा वेळी पाच वर्षांची अट नसते. ताईंच्या बाबतीत अडचण आली ती नावाची. पीएफच्या नोंदीत त्यांचं माहेरचं नाव होतं. विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र लागलं, वांद्र्याच्या भविष्य निधी कार्यालयात जास्तीच्या फेऱ्या झाल्या. आपल्याकडे लग्नानंतर पूर्ण नाव बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आणि एका कागदावर मधलं नाव असतं, दुसऱ्यावर नसतं. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आधार आणि पासबुकाशी अक्षर न् अक्षर जुळतं का, हे प्रती काढायच्या आधीच तपासावं.

आणि मग पगाराचं खातं. तिथे नॉमिनी सासूबाई होत्या. नोकरीला लागल्यावर, लग्नाआधी भरलेला फॉर्म, पुढे कुणी बदललाच नाही.

हे कळल्यावर ताई एकदम थंड झाल्या. "म्हणजे सगळं आईंचं. बरोबरच आहे, पोरगा त्यांचा." दिराने आईला बँकेत न्यायचं ठरवलं होतं, पण आजी जायला तयार नव्हत्या. ताईंना वाटत होतं, आपल्यावर राग आहे म्हणून अडवून धरलंय. मी म्हटलं, आजींना एकदा घेऊन या.

आजी आल्या. अठ्ठ्याहत्तर वय, नऊवारी, हातात रुमाल. मी त्यांना पैशांबद्दल काहीच विचारलं नाही. मुलगा लहानपणी कसा होता ते विचारलं. बऱ्याच वेळाने त्या आपणहून म्हणाल्या, "पोराच्या मरणाचे पैसे आईने मोजून घ्यायचे? माझ्या हातून नाही व्हायचं. आणि घेतले तर ही म्हणेल, म्हातारीने माझ्या लेकराच्या तोंडचा घास काढला."

ताई बघतच राहिल्या. "आई, मी असं कधी म्हणेन का हो?"

"तू बोलतच नाहीस गं माझ्याशी. मला काय ठाऊक तुझ्या मनात काय आहे?"

एकाच घरात, एकाच ओट्यापाशी वावरणाऱ्या दोघी सहा महिने एकाच भीतीने गप्प होत्या. दुसरी मला लोभी समजेल, ही ती भीती. त्या दिवशी त्या माझ्यासमोर पहिल्यांदा एकत्र रडल्या. मी मध्ये काहीही बोलले नाही.

मग मी नॉमिनी म्हणजे काय ते सांगितलं, कारण यावरून मुंबईत कितीतरी घरं फुटताना मी पाहिली आहेत. बँकेच्या खात्यात नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालक नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. शेअर्सच्या बाबतीतही डिसेंबर 2023 मध्ये तेच म्हटलं. पैसे शेवटी वारसांचे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलं आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस, सगळ्यांना समान वाटा. म्हणजे इथे ताई, मुलगी आणि आजी, प्रत्येकी एक तृतीयांश. आईचा हक्क पुष्कळ घरांत विसरला जातो आणि तो विसरणं मला बायकोचा हक्क विसरण्याइतकंच चुकीचं वाटतं. आयुर्विम्यात मात्र 2015 पासून नियम वेगळा आहे. जोडीदार, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम सहसा त्यांचीच होते.

आजी लगेच म्हणाल्या, "माझं सगळं हिच्या नावावर करून टाका." मी थांबवलं. दुःखाच्या पहिल्या वर्षात हक्कसोडपत्रावर कुणीही सही करू नये, असं माझं ठाम मत आहे. सुनेनेही नाही, सासूनेही नाही, लग्न झालेल्या बहिणीनेही नाही. प्रेमाने केलेली सहीसुद्धा दोन वर्षांनी घशात अडकते. आजींच्या औषधांचा खर्च कोण करणार, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हतं. शेवटी आजींनी वाटा स्वतःच्या नावाने ठेवला आणि नॉमिनी म्हणून नातीचं नाव लावलं. दोघींनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकिलाचा सल्ला घेतला. तिथे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत मदत मिळते, 15100 हा त्यांचा क्रमांक आहे.

बँकेत जाण्याचा सराव आम्ही आधी केला. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण सगळ्यात अवघड फॉर्म नसतो, खिडकीवर उभं राहून अनोळखी माणसाला "हे गेले" असं सांगणं असतं. आणि ते एकदा नाही, दर खिडकीवर सांगावं लागतं. म्हणून एक वाक्य ठरवलं: "खातेदाराचं निधन झालंय, या नॉमिनी आहेत, दावा दाखल करायचा आहे." ते वाक्य मुलीने बोलायचं. आजी आणि ताईंनी फक्त सह्या करायच्या. एका दिवशी एकच कार्यालय. काम झालं की थेट घरी न जाता कुठेतरी बसून चहा प्यायचा, मग लोकल पकडायची. पहिल्या खिडकीवर त्यांना वारस प्रमाणपत्र आणायला सांगितलं गेलं. नॉमिनी असेल तर बँकेने ते मागायचं नाही आणि पूर्ण कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत दावा निकाली काढायचा, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. मुलीने ते शांतपणे सांगितलं आणि नकार लेखी द्या म्हणाली. मग शाखाधिकाऱ्यांनी अर्ज घेतला.

एक गोष्ट सगळ्यात शेवटी करायची, मोबाइल नंबर. ओटीपी त्याच नंबरवर येतात, म्हणून कामं संपेपर्यंत सिम चालू आणि रिचार्ज भरलेलं हवं. त्या फोनमधले आवाजी निरोप आणि फोटो मी आधी दुसरीकडे उतरवून घ्यायला लावते, कारण 120 दिवस वापर नसेल तर व्हॉट्सअॅपचं खातं पुसलं जाऊ शकतं. ताईंच्या मुलीने वडिलांचा "निघालोय, दूध आणू का?" हा निरोप जपून ठेवला आहे. नंबर आता तिच्या नावावर आहे.

घराचं काम मी मुद्दाम मागे ठेवायला सांगितलं. सोसायटीला मृत्यूचा दाखला देऊन ठेवला, एवढं तूर्त पुरलं. इमारत पुनर्विकासाला निघाली असती तर मात्र थांबायला सांगितलं नसतं. करारनाम्यात नाव कुणाचं लागतं, यावर मुंबईत पुढचं सगळं ठरतं आणि वारसांची नोंद त्याआधी सोसायटीच्या दप्तरी व्हायलाच हवी.

किती दिवस थांबावं, असं मला नेहमी विचारतात. मृत्यूची नोंद 21 दिवसांत, त्याला पर्याय नाही. कंपनीला कळवणं आणि विम्याचे दावे पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत, कारण घर त्यावर चालतं. बाकीचं सहा महिन्यांनी, वर्षाने केलं तरी चालतं. वर्ष होत आलं तरी रोजचं जेवण, अंघोळ, कामावर जाणं काहीच जमत नसेल, तर कागद बाजूला ठेवून आधी मदत घ्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं.

ताईंना ते लागलं नाही. पेन्शन सुरू झाली, मुलीची फी भरली गेली. नणंद अजून या विषयावर बोलत नाही आणि ताईंनीही आता तिच्या बोलण्याची वाट बघणं सोडलंय. पिशवीत आधार आणि पॅन कार्ड आहे. ते दिवाळीनंतर बघू, असं तिघींनी ठरवलंय.