येरळेचा भूतकाळ शिकून नोकरी मिळेल का?

नमस्कार,

विट्याहून तुम्ही लिहिलंय की लेक बी.एस्सी. बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. येरळा नदीच्या पाणलोटात पूर्वी काय उगवत होतं, याचा तिला अभ्यास करायचाय, आणि घरचे म्हणतात, एमपीएससी कर. ‘गेलं ते गेलं, आता त्याचा काय उपयोग?’ असं तुम्ही विचारता.

उपयोग आहे, आणि तो तुमच्याच भागात आहे. माळावर झाडं लावायच्या मोहिमा निघतात. पण तो माळ तुटलेलं जंगल आहे की पिढ्यान्‌पिढ्या गवताळच होता, हे आधी कोण बघतं? मुळातच गवताळ असेल, तर दाट झाडीनं लांडग्याचा आसरा जातो आणि मेंढरांचं चरणही.

याची साक्ष जुन्या तळ्यांच्या गाळात असते. नळी दाबून गाळाचा उभा गाभा काढतात आणि थराथरातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. काम किचकट आहे. बाभूळ पटकन कळते, पण गवतांचे परागकण जवळपास सारखेच दिसतात. मग जळक्या कोळशाचे कण आणि पानांतले सिलिकाचे कणही तपासावे लागतात. थरांचं वय त्यांतल्या किरणोत्सारी अणूंवरून काढतात: अलीकडच्या शे-सव्वाशे वर्षांचं शिसे-२१० वरून, त्याआधीचं कार्बन-१४ वरून. आपण तळ्यांतला गाळ उपसून शेतात टाकतो. शेताला तो हवाच, पण उपसण्याआधी एक गाभा काढून ठेवायला हवा, असं मला कळकळीनं वाटतं. गेलेला थर परत मिळत नाही.

कागदही बघावे लागतील. तुमचा खानापूर तालुका इंग्रजांच्या काळात साताऱ्यात होता, म्हणून १८८५ चं सातारा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, तिनं वाचावं. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरासाठी मोडी लागेल. ती आत्तापासूनच शिकू दे.

पुढे एम.एस्सी., सोबत जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचं तंत्र) आणि संख्याशास्त्र, मग संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी नेट-जेआरएफ परीक्षा. संशोधनासाठी पुण्याची आघारकर संस्था आणि लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था नजरेसमोर ठेवा. कायम नोकऱ्या थोड्या आहेत, हे लपवत नाही. पर्यावरणीय परिणामांचे अहवाल करणाऱ्या कंपन्या आणि पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था हा दुसरा रस्ता.

आणि स्पर्धा परीक्षेचं दार बंद होत नाही. बॉटनीच्या पदवीवर भारतीय वनसेवेची परीक्षा देता येते, ऐच्छिक विषयांतही बॉटनी घेता येतो. पदवी पूर्ण होईपर्यंत तिला दोन्हीची तयारी करू द्या. पीएच.डी.पर्यंत मात्र सात-आठ वर्षं जातील. त्या काळात लग्नाचा आणि पगाराचा विषय घरात रोज निघणार नाही, एवढं तुम्ही बघा.