सरकारी नोकरीतून एमबीए : आधी फाइल, मग जीमॅट

प्रश्न : केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात अभियंता आहे, सेवा सहा वर्षे. एक वर्षाचा पूर्णवेळ एमबीए नोकरी न सोडता करता येईल का? परवानगी केव्हा मागावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : करता येईल. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९७२ च्या रजा नियमांत स्टडी लीव्हची तरतूद आहे. पाच वर्षांची सेवा लागते. एका वेळी साधारण १२ महिने आणि सगळ्या सेवेत मिळून २४ महिने रजा मिळते, म्हणजे एक वर्षाचा अभ्यासक्रम त्यात बरोबर बसतो. वेतन चालू राहते. परतल्यावर तीन वर्षे सेवेत राहण्याचा बाँड द्यावा लागतो. तो मोडला तर रजेतले वेतन व्याजासह परत करावे लागते.

घोडे अडते ते एका अटीवर. अभ्यासक्रमाचा तुमच्या कामाशी थेट आणि निकटचा संबंध हवा. ‘नेतृत्वगुण वाढतील’ असे लिहिलेला अर्ज आस्थापना शाखेतून शेरा मारून परत येतो, आणि त्यात त्या शाखेची चूक नसते. अभ्यासक्रमाची छापील प्रत जोडा, त्यातले प्रकल्प वित्त, कंत्राट वाटाघाटी, खरेदी हे विषय अधोरेखित करा आणि समासात तुमच्याकडच्या कामाचे नाव लिहा : निविदांचे मूल्यमापन, ठेकेदाराचे दावे, लवाद. टिपणी लिहिणाऱ्याला वाक्य आयते मिळाले की फाइल पुढे सरकते.

अर्ज दोन वेळा करायचे आहेत. पहिला प्रवेशासाठी अर्ज करण्याच्या ना-हरकतीचा. दुसरा रजेचा, प्रवेशपत्र हातात आल्यावर. ना-हरकत दक्षता शाखेतून फिरून येते, त्यात महिने जातात. आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स हा एक वर्षाचा अभ्यासक्रम एप्रिलमध्ये सुरू होतो; त्यासाठी आदल्या वर्षीच्या जूनमध्ये अर्ज आत गेलेला बरा. मधे बदली झाली तर फाइल जुन्या कार्यालयातच पडून राहते, म्हणून आवक क्रमांक टिपून ठेवा. (राज्य सरकार, महामंडळे आणि सार्वजनिक कंपन्यांचे सेवानियम वेगळे असतात, तिथे वरचे आकडे गृहीत धरू नका.)

प्रश्न : राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे, साडेचार वर्षे झाली. सगळे काम परिपत्रकाप्रमाणेच. बायोडेटात लिहू काय? शिफारसपत्र कोणाचे घेऊ? आणि राजीनामा कधी देऊ? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : परिपत्रक सगळ्या शाखांना एकच येते, पण सगळ्या शाखांची वसुली सारखी होत नाही. तो फरक कोणामुळे पडला, तेवढेच लिहायचे. ‘कर्ज व वसुली विभाग सांभाळला’ ही ओळ म्हणजे पदाचे वर्णन झाले. समजा, पीककर्जाची ३०० खाती थकीत होती. तुम्ही सोयाबीनचे पैसे हातात येण्याच्या आठवड्यात गावनिहाय शिबिरे लावली आणि त्यातली १४० नियमित झाली. मग तेच लिहा, खाती, गावे, आठवडे या क्रमाने. आकडा तुमच्या शाखेचा आणि खराच हवा, मुलाखतीत त्यावरच खोदून विचारतात. ‘स्केल टू’ ही बँकेतली अधिकारी श्रेणी बाहेरच्या वाचणाऱ्याला कळत नाही; हाताखाली माणसे किती आणि मंजुरीचा अधिकार किती रकमेपर्यंत, ते सांगा. ग्राहकाचे नाव किंवा खात्याचा तपशील मात्र कुठेही नको.

शिफारशीचा फॉर्म बहुधा शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवर थेट जातो. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे साहेबांचे प्रेमाचे वाक्य इथे घातक ठरते : तुमच्या निबंधाची आणि शिफारशीची भाषा एकच निघते. त्यांना तीन प्रसंगांची एक पानी यादी द्या, मजकूर त्यांचा असू द्या. सध्याचे साहेब नवे असतील तर आधीचे चालतात का, ते संस्थेच्या सूचनांत पाहा. मोठ्या हुद्द्यापेक्षा तुमचे काम जवळून पाहिलेला माणूस कधीही चांगला.

राजीनाम्याची घाई नको. बँक अधिकाऱ्यांच्या सेवानियमांत तीन महिन्यांची नोटीस आहे आणि चौकशी चालू असेल तर राजीनामा अडकतो. शिवाय ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग सेवा लागते. साडेचारवर सोडलेत तर ती सहसा हातची जाते. प्रवेशाची तारीख त्या हिशेबाने निवडा. इंडियन स्कूल ऑफ बिझनेसला (आयएसबी) किमान दोन वर्षांचा अनुभव पुरतो, पीजीपीएक्सला चार, तेव्हा पात्रतेची चिंता तुम्हाला नाही. शुल्क मात्र दोन्हीकडे तीस लाखांच्या पुढे आहे.

प्रश्न : जीमॅट या एमबीए प्रवेशपरीक्षेसाठी जुनी पुस्तके चालतील का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : गणिताची आणि उताऱ्यांची चालतील, तीही निवडून. फेब्रुवारी २०२४ पासून फक्त नवी परीक्षा आहे : गणित २१, भाषा २३ आणि डेटा इनसाइट्स (तक्ते, आलेख वाचून उत्तरे देणे) २० प्रश्न, प्रत्येक विभागाला ४५ मिनिटे. भूमिती, वाक्यदुरुस्ती आणि निबंध गेले. गुण २०५ ते ८०५, आणि जुन्या ८०० च्या मोजपट्टीशी त्यांची थेट तुलना होत नाही. गुण पाच वर्षे चालतात, म्हणून ना-हरकतीची वाट पाहताना परीक्षा उरकून घ्या.

नोंदणी करताना नाव पासपोर्टवर आहे अगदी तसेच भरा. आपल्याकडच्या अनेक विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव मधे येते. त्या गुणपत्रिकेवरून नाव उतरवले आणि पासपोर्टशी जुळले नाही, तर परीक्षा केंद्राच्या दारातून परत फिरावे लागते.