११ महिन्यांच्या लॅब्रॅडॉरला हृदयविकार सांगितलाय. गोळ्या सुरू करू का, रंकाळ्यावर फिरवणं बंद करू का, किती जगेल?

तुम्ही लिहिलंय की लसीसाठी नेलेल्या लॅबच्या छातीत डॉक्टरांना ग्रेड ४ ची मर्मर ऐकू आली, त्यांनी पिमोबेंडन आणि लॅसिक्स (लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी गोळी) लिहून दिलं आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, अजून झालेला नाही. तो खातो, खेळतो, पण पळापळ केली की लवकर बसतो.

मर्मर हा हृदयातला जादा आवाज आहे, आजाराचं नाव नाही. ग्रेड १ ते ६ मधून कळतं ते फक्त आवाज किती मोठा आहे एवढंच. हृदयाच्या पडद्यातलं बारीक छिद्र मोठा आवाज करतं आणि कुत्रं म्हातारं होईपर्यंत सुखात राहतं. उलट हृदयाचा स्नायू ढिला पडलेल्या डॉबरमनमध्ये कधी कधी काहीच ऐकू येत नाही. लहान पिल्लांत ग्रेड १-२ चा हलका आवाज बऱ्याचदा असतो आणि चार-पाच महिन्यांपर्यंत आपोआप जातो. ११ महिन्यांना ग्रेड ४ म्हणजे मात्र इको करायलाच हवा. त्याआधी एक रक्ततपासणी करून घ्या. गोचिडीच्या तापाने रक्त कमी झालं की रक्त पातळ होऊन मर्मर येते, आणि आपल्याकडे पावसाळ्याच्या आगेमागे गोचीड किती असते ते तुम्हाला सांगायला नको. ग्रेड ४ चा आवाज सहसा नुसत्या अ‍ॅनिमियाचा नसतो, पण आधीच अडचणीत असलेल्या हृदयावर अ‍ॅनिमियाचा बोजा नको.

इको का, तर हृदयाच्या एका दोषाचं औषध दुसऱ्या दोषात अपाय करतं. तरुण कुत्र्यात जन्मजात दोष निघतात ते साधारण असे. पीडीए म्हणजे जन्मानंतर बंद व्हायला हवी ती नळी उघडी राहणं. यात आवाज दोन ठोक्यांच्या मध्येही थांबत नाही, डाव्या काखेत हात ठेवला तर थरथर लागते आणि मांडीच्या आतली नाडी जोरात उडते. हा दोष सापडला तर एका अर्थी नशीब म्हणा, कारण शस्त्रक्रियेने किंवा मांडीतून तार घालून नळी बंद करता येते आणि वेळेत केलं तर आयुष्य जवळपास सामान्य असतं. न केलं तर बहुतेक कुत्री काही महिन्यांत किंवा वर्षभरात हार्ट फेल्युअरमध्ये जातात, म्हणून ‘बघू उन्हाळ्यानंतर’ म्हणू नका. एकच अपवाद: रक्ताचा प्रवाह उलटा झाला असेल तर नळी बंद करायची नसते. तेही इकोतच कळतं.

पल्मोनिक स्टेनोसिस म्हणजे फुप्फुसाकडे जाणारी झडप अरुंद असणं. इथे रिपोर्टमधला झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक बघा. ५० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत सौम्य, ८० च्या वर गंभीर. सौम्य असेल तर फक्त दरवर्षी इको. गंभीर असेल तर फुग्याने झडप मोठी करतात. महाधमनीच्या खालचा अडथळा, म्हणजे सबएऑर्टिक स्टेनोसिस, गोल्डन, रॉटवायलर, बॉक्सर यांत जास्त दिसतो. यात फुग्याचा टिकाऊ उपयोग फारसा होत नाही. गंभीर असेल तर पहिल्या तीन वर्षांत अचानक कोसळून जाण्याचा धोका खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. लॅब म्हटल्यावर माझा पहिला संशय मात्र उजवीकडच्या ट्रायकस्पिड झडपेवर जातो. लॅबमध्ये ती जन्मतः वेडीवाकडी असणं ओळखीचं आहे. ती बिघडली की पाणी फुप्फुसात न साठता पोटात साठतं. म्हणून दर आठवड्याला त्याच जागी टेप लावून पोटाचा घेर आणि वजन लिहून ठेवा. ‘अंगानं भरलाय’ असं समजून पोटातल्या पाण्याकडे दुर्लक्ष होतं.

आता गोळ्या. पिमोबेंडन हृदयाला जोरात आकुंचन पावायला लावतं. हृदय ढिलं पडलं असेल तेव्हा ते उत्तम औषध आहे. पण बाहेर जाणारी वाट अरुंद असेल तर नवरात्रात महाद्वार रोडच्या गर्दीत मागून रेटा वाढवल्यासारखं होतं: पुढचे सरकत नाहीत, मधले चेंगरतात. म्हणून महाधमनीचा किंवा फुप्फुसधमनीचा अडथळा नाही हे कळेपर्यंत ते देऊ नये. लॅसिक्सचं तसंच. फुप्फुसात किंवा पोटात पाणी नसताना दिलं तर शरीर कोरडं पडतं, मूत्रपिंडावर ताण येतो आणि अरुंद झडपेच्या हृदयाला भरायला रक्तच कमी पडतं. तुमचा कुत्रा झोपेत शांत श्वास घेत असेल तर ‘इकोपर्यंत थांबू का?’ असं डॉक्टरांना सरळ विचारा. धाप लागत असेल तर थांबायचं नाही, तेव्हा लॅसिक्स जीव वाचवतं. पुढे पिमोबेंडन ठरलंच तर मात्रा किलोला साधारण ०.२५ ते ०.३ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणाआधी तासभर. लॅसिक्स चालू असताना पाण्याचं भांडं कधीही रिकामं ठेवू नका. घरात लघवी करतो म्हणून पाणी तोडणारे लोक बघितलेत, त्याने मूत्रपिंड जातं. लॅसिक्ससोबत एनालाप्रिल किंवा बेनाझेप्रिल (रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं) सुरू झालं तर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम तपासा. एखादी मात्रा चुकली तर पुढची दुप्पट करू नका. अटेनोलॉल (ठोके हळू करणारं औषध) दिलं असेल तर ते अचानक बंद करायचं नाही. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अजिबात नाहीत.

इकोसाठी शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय महामार्गावरच आहे, कोल्हापूरहून सुमारे १८० किलोमीटर. त्यापुढे पुणे, मग मुंबईला परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. कुठेही निघण्याआधी फोन करून हृदयाचा डॉप्लर इको (रक्ताचा प्रवाहही दाखवणारा) करणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. पोटाची सोनोग्राफी करणारं मशीन आहे म्हणजे इको होतोच असं नाही. सोबत छातीचा एक्स-रे आणि ईसीजी होईल तर बरं. कागदी रिपोर्टवर समाधान मानू नका, इकोच्या व्हिडिओ क्लिप पेनड्राइव्हवर मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या हृदयतज्ज्ञाचं मत घेताना पुन्हा खर्च नको. इकोला सहसा भूल लागत नाही, कुशीवर झोपवून अर्ध्या-पाऊण तासात होतो. उन्हाळ्यात पहाटे निघा, गाडीत एसी ठेवा आणि प्रवासासाठी गुंगीची गोळी मनाने देऊ नका, तिने रक्तदाब उतरतो.

घरी करायची सर्वात उपयोगी गोष्ट फुकट आहे: झोपेतले श्वास मोजणं. गाढ झोपलेला असताना छाती वर जाऊन खाली आली की एक. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. स्वप्नात पाय हलवत असेल, नुकता फिरून आला असेल किंवा उकाड्याने जीभ बाहेर असेल तर ती मोजणी सोडून द्या. आठवडाभर रोज लिहा, मग तुमच्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा कळेल. तो बहुधा २५ च्या खाली असतो. दोन-तीन वेळा मोजूनही ३० च्या वर राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, ४० च्या वर गेला तर थेट दवाखाना. खोकला सुरू होण्याची वाट बघू नका, हा आकडा बहुतेक वेळा आधी बोलतो.

रंकाळा बंद करू नका. सपाट वाट, सकाळी लवकर, दोरीवर, त्याच्या चालीने, आणि तो बसला की परत. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस लावा. इको होईपर्यंत चेंडूमागे पळवणं, इतर कुत्र्यांशी दंगा आणि पन्हाळ्याचे चढ मात्र बंद. हृदयाला अडथळा असलेल्या कुत्र्याला निवांत चाल सोसते, एकदम घेतलेली धाव सोसत नाही.

खाण्यात फार टोकाचं मीठ तोडायची गरज आत्ता नाही, पण पापड, फरसाण, खारी, चीज बंद करा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातलं मटण धुऊनही देऊ नका. मिठापेक्षा त्यातला कांदा-लसूण वाईट, तो लाल पेशी फोडतो आणि वर म्हटलेला अ‍ॅनिमिया ओढवतो. वजन वाढू देऊ नका, लॅब तर पोट भरलं तरी मागतोच. ‘धान्यविरहित’ म्हणून विकलं जाणारं महागडं खाणं टाळा. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये अशा खाण्याचा आणि हृदयाचा स्नायू ढिला पडण्याचा संभाव्य संबंध तपासायला घेतला, आणि संशयाला जागा असताना जोखीम कशाला? फिश ऑइल डॉक्टरांना विचारून देता येतं, पण कॉड लिव्हर ऑइल वेगळं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व फार असतं.

कधी पडलाच तर आधी व्हिडिओ काढा. उत्साहात किंवा पळताना एकदम गळून पडून काही सेकंदांत उठून नेहमीसारखा झाला तर बहुधा हृदयाची चक्कर. पाय झाडणं, फेस, आणि नंतर बराच वेळ भांबावलेलं राहणं हे फिटकडे, म्हणजे आकडीकडे, बोट दाखवतं. मान ताणून, कोपरं बाहेर काढून श्वास घेतो, आडवा होत नाही, हिरड्या पांढऱ्या-निळ्या: यात घरी काही करत बसू नका. पाणी पाजू नका, कुशीवर दाबून झोपवू नका, पोटावर बसू द्या, पंखा लावा, उचलून गाडीत ठेवा आणि वाटेतून दवाखान्यात कळवा.

रेबीज आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) लस चालू ठेवा. पंचगंगेचं पाणी चढतं त्या दिवसांत लेप्टो टाळून चालत नाही. नसबंदीची घाई नको, भूल कोणती द्यायची ते इकोचा रिपोर्ट बघून ठरू द्या. पण त्याच्यापासून पिल्लं घेऊ नका, आणि ज्यांच्याकडून आणला त्यांना दोषाचं नाव कळवा, म्हणजे तीच जोडी पुन्हा लावली जाणार नाही.